रात्रीचा फोन: ऑन-कॉलची पाळी कशी लावावी

सेवा चोवीस तास चालू ठेवायची आहे, टीममध्ये पाच माणसे आहेत आणि ‘पुढच्या महिन्यापासून ऑन-कॉल (सेवा बिघडली तर अवेळीही फोन घेऊन ती सावरण्याची पाळी) सुरू करा’ असा निरोप वरून आला आहे, अशा वेळी बहुतेक टीम लीड एक्सेलची शीट उघडतात, पाच नावे लिहितात, प्रत्येकापुढे एकेक आठवडा टाकतात आणि मोकळे होतात. पहिले दोन महिने नव्याच्या नवलाईत निघून जातात. तिसऱ्या महिन्यात सकाळच्या मीटिंगमध्ये कोणाचे तरी डोळे तांबारलेले दिसू लागतात, आणि पुढे कधीतरी टीममधला सर्वांत जाणकार माणूस राजीनामा देतो. मग पाचांची चार होतात, आणि उरलेल्या चौघांच्या वाट्याला तीच पाळी अधिक लवकर येऊ लागते.

पुढील मार्गदर्शन अशा टीम लीडसाठी आहे. त्यामागचे सूत्र एकच आहे: ऑन-कॉल हे काम आहे, त्यामुळे ते कामासारखे मोजावे लागते, आणि रात्री वाजलेल्या प्रत्येक फोनची परतफेड दिवसाच्या कामातून करावी लागते. हे मान्य असेल तर शीट उघडण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्याव्या लागतील.

आधी वचन तपासावे

ग्राहकाला किंवा कंपनीतील इतर विभागांना सेवेच्या उपलब्धतेविषयी नेमके काय कबूल केले आहे, हा कागद प्रथम शोधावा. तो सापडत नसेल, तर ऑन-कॉल कशासाठी लावायचा हेच अजून ठरलेले नाही असे समजावे. सापडला तर त्यातील टक्केवारीचे मिनिटांत रूपांतर करावे, कारण टक्के ऐकताना सगळेच आकडे सारखे वाटतात. 99.9 टक्के उपलब्धता म्हणजे वर्षभरात सुमारे 8 तास 46 मिनिटे आणि 30 दिवसांच्या महिन्यात 43 मिनिटे 12 सेकंद एवढीच बंद राहण्याची मुभा. 99.99 टक्के म्हटले की तीच मुभा महिन्याला 4 मिनिटे 19 सेकंदांवर येते.

आता या 4 मिनिटांत एक माणूस बसवून पाहावा. फोन वाजतो, माणूस जागा होतो, चष्मा शोधतो, लॅपटॉप उघडतो, व्हीपीएन जोडतो, दुसऱ्या उपकरणावर आलेला ओटीपी टाकतो आणि डॅशबोर्ड उघडण्याची वाट पाहतो. यातच दहा मिनिटे गेलेली असतात. शिवाय गाढ झोपेतून उठल्यावर विचारशक्ती पूर्ण जागेवर यायला साधारणपणे 15 ते 30 मिनिटे लागतात. झोपेचा अभ्यास करणारे याला निद्राजडत्व म्हणतात. तेव्हा चार नऊंचे, म्हणजे 99.99 टक्क्यांचे, वचन माणसाच्या भरवशावर पाळता येत नाही. त्यासाठी एक सर्व्हर पडताच दुसऱ्याने आपोआप काम उचलावे अशी रचना लागते, आणि तिला पैसा व वेळ लागतो. हे गणित वरिष्ठांसमोर एकदा मांडले, की बऱ्याचदा वचनच बदलते.

दुसरा प्रश्न याहून साधा आहे: ही सेवा रात्री दोन ते सकाळी आठ बंद राहिली तर नेमके कोणाचे काय अडेल? कर्मचाऱ्यांच्या रजेचे अर्ज स्वीकारणारी प्रणाली पहाटे तीनला बंद पडली तर कोणाचेही काही अडत नाही. तिच्यासाठी रात्रीची पाळी लावणे म्हणजे एका माणसाची झोप उगाच गहाण टाकणे होय. टीमकडे असलेल्या सेवांची यादी करून प्रत्येकीपुढे हा प्रश्न लिहावा. माझ्या अनुभवात यादीतल्या निम्म्याहून अधिक सेवा इथेच गळतात.

वाट पाहण्याचा वेळ कोणाचा

फोन आल्यापासून किती मिनिटांत काम सुरू झाले पाहिजे, हा आकडा वेळापत्रकातील इतर कोणत्याही आकड्यापेक्षा माणसाच्या आयुष्यावर अधिक परिणाम करतो. पाच मिनिटांची अट असेल तर माणूस लॅपटॉपला बांधलेला असतो. तो अंघोळीला जातानाही फोन सोबत नेतो. तीस मिनिटांची अट असेल तर तो लॅपटॉपची बॅग घेऊन कोणाकडे जेवायला जाऊ शकतो. पगारपत्रकावर दोन्ही आठवडे सारखेच दिसतात.

न्यायालयांनीही याच निकषाला महत्त्व दिले आहे. युरोपीय संघाच्या 2003 च्या कामाच्या वेळेविषयीच्या निर्देशानुसार प्रत्येक 24 तासांत सलग 11 तासांची विश्रांती आणि सरासरीने आठवड्याला जास्तीत जास्त 48 तास काम, असे बंधन आहे. फोनची वाट पाहत घरी थांबलेला माणूस कामावर आहे की विश्रांती घेत आहे, हा वाद त्यातूनच उभा राहिला. बेल्जियममधील एका अग्निशामकाला बोलावणे आल्यावर 8 मिनिटांत केंद्रावर पोहोचणे बंधनकारक होते. त्याच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2018 मध्ये घरी थांबण्याचा तो वेळही कामाचाच मानला. पुढे 2021 मधील दोन निकालांत त्याच न्यायालयाने सांगितले, की घातलेल्या अटींमुळे माणसाला स्वतःचा वेळ स्वतःच्या मर्जीने वापरणे किती अवघड होते, हे एकंदरीत पाहून निर्णय करावा. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून आणि ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024 पासून कामाच्या वेळेबाहेरील संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली. याउलट, अमेरिकेच्या संघीय कायद्यात ठरावीक वेतनाच्या वरच्या अनेक संगणक-व्यावसायिकांना जादा तासांच्या मोबदल्यातूनच वगळलेले आहे. एकाच टीममधील माणसे वेगवेगळ्या देशांत बसत असतील, तर वेळापत्रक जाहीर करण्याआधी मनुष्यबळ विभागाकडून प्रत्येक देशाची तरतूद लेखी मागवून घ्यावी.

मोबदल्याचे दोन भाग ठेवावेत. वाट पाहण्याबद्दल दर पाळीमागे ठरावीक भत्ता असावा, आणि प्रत्यक्ष केलेल्या कामाबद्दल तासांच्या हिशोबाने पैसे किंवा भरपाई रजा असावी. केवळ फोनमागे पैसे दिले तर शांत गेलेला आठवडा फुकटात पडतो, आणि गोंगाट करणारी प्रणाली दुरुस्त करण्यात कोणालाच रस उरत नाही. केवळ भत्ता दिला तर एकाला आठवड्यात एकही फोन आला नाही आणि दुसऱ्याला चौदा आले, हा फरक हिशोबात कुठेच उमटत नाही. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ या वाक्यावर ऑन-कॉल चालवणाऱ्या व्यवस्थापकाशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. त्याच्यापुढे तासांचा तक्ता ठेवावा.

माणसे किती लागतात

आठवड्याचे तास 168. त्यातील 40 कार्यालयीन धरले तर उरतात 128. म्हणजे ऑन-कॉलच्या आठवड्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक जबाबदारी कार्यालयीन वेळेबाहेर पडते. चार माणसांची टीम असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षात 13 आठवडे येतात. रजा, आजारपण आणि एखाद्याची बदली धरली की ते 15 किंवा 16 वर जातात.

या विषयावर सर्वाधिक उद्धृत होणारे आकडे गूगलचे आहेत. मोठ्या सेवा विश्वसनीयपणे चालवण्यासाठी तिथे 2003 पासून वेगळी टीम आकाराला आली आणि आपली पद्धत त्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केली. एकाच ठिकाणी बसणाऱ्या टीमसाठी किमान 8 माणसे, जगाच्या दोन टोकांना विभागलेल्या टीमसाठी प्रत्येक ठिकाणी किमान 6, कोणाचाही ऑन-कॉलचा वाटा एकूण वेळेच्या 25 टक्क्यांपेक्षा अधिक नको आणि 12 तासांच्या एका पाळीत दोनपेक्षा जास्त इन्सिडेंट (सेवा बिघडण्याच्या घटना) नकोत, असे त्यांचे म्हणणे आहे. दोनचा आकडा हवेतून आलेला नाही. इन्सिडेंट निस्तरणे, त्याचे मूळ शोधणे, दुरुस्ती करणे आणि नोंद लिहिणे या सगळ्याला मिळून साधारण सहा तास लागतात, असा त्यामागचा हिशोब आहे.

बहुतेक टीमकडे आठ माणसे नसतात, आणि ती मागून लगेच मिळतही नाहीत. मग जवळच्या दोन टीमची पाळी एकत्र करता येते, मात्र त्यासाठी दोन्ही सेवांचे रनबुक (बिघाड झाल्यास काय करायचे याच्या लेखी पायऱ्या) दुसऱ्या टीमच्या माणसाला वापरता येण्याजोगे हवेत. प्रतिसादाची वेळ वाढवून घेता येते. रात्रीचे काही तास वगळता येतात. एक उपाय मात्र कोणत्याही टीमला लगेच करता येतो: मॅनेजरने स्वतःचे नाव यादीत घालावे, निदान सेकंडरी (पहिल्या माणसाच्या मदतीला असलेला दुसरा) म्हणून. ज्याचा स्वतःचा फोन पहाटे वाजतो, त्याला निरर्थक अलर्ट (प्रणालीकडून आपोआप येणारे इशारे) बंद करण्यासाठी वेळ मंजूर करताना फारसे पटवून द्यावे लागत नाही.

यादीतून काही माणसांना सूट द्यावी लागेल. घरात तान्हे बाळ आहे, कोणाची शुश्रूषा चालू आहे, डॉक्टरांनी झोपेविषयी बजावले आहे, अशी कारणे असतात, आणि ती सर्वांसमोर मांडायला लावू नयेत. मॅनेजरला ठाऊक असले की पुरे. सूट घेणाऱ्याने दिवसाच्या तक्रारींची वर्गवारी किंवा रनबुकची देखभाल यांसारखा दुसरा वाटा उचलावा, म्हणजे उरलेल्यांच्या मनात अढी बसत नाही.

पाळीची अदलाबदल दोघांच्या संमतीने होऊ द्यावी. मॅनेजरची परवानगी नको, वेळापत्रकात नोंद तेवढी हवी. सणावारांच्या दिवसांची यादी साप्ताहिक पाळीपासून वेगळी काढून वर्षाच्या सुरुवातीलाच वाटून घ्यावी, नाही तर दरवर्षी तोच बिचारा सापडतो. सूत्रे एकाकडून दुसऱ्याकडे देण्याची वेळ आठवड्याच्या मध्यावर, सकाळी अकराच्या सुमारास ठेवावी. शुक्रवारी संध्याकाळी हँडओव्हर ठेवला, तर ज्याला सर्व काही माहीत आहे तो निघून गेलेला असतो, आणि ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यापुढे शनिवार-रविवार उभे असतात.

फोन कशासाठी वाजावा

मी एका टीममध्ये नव्याने दाखल झालो होतो, तेव्हाची गोष्ट. पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला: ‘डिस्क 80 टक्के भरली.’ मी उठून पाहिले. 500 जीबीची डिस्क होती, 100 जीबी जागा शिल्लक होती, आणि रोज सुमारे 2 जीबी भर पडत होती. म्हणजे अजून पन्नास दिवस होते. मी अलर्ट मान्य केल्याचे बटण दाबले आणि छताकडे पाहत पडून राहिलो. सकाळी सहकाऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, ‘अहो, तो रोजच वाजतो, आम्ही बघतसुद्धा नाही.’

या उत्तरात ऑन-कॉलचा सगळा आजार आहे. त्याच डिस्कवर एखाद्या रात्री चुकीच्या सेटिंगमुळे तासाला 20 जीबी लॉग (प्रणालीच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) लिहिले जाऊ लागले असते, तर ती पाच तासांत भरली असती. पण अलर्टचे शब्द अक्षरशः तेच राहिले असते आणि ‘लांडगा आला रे आला’ समजून कोणी उठलेही नसते. डिस्क किती भरली यापेक्षा ती कधी भरणार, हे विचारणारा अलर्ट हवा: ‘सध्याच्या वेगाने चार तासांत जागा संपेल’ असे असेल तर फोन, आणि ‘दोन आठवड्यांत संपेल’ असे असेल तर सकाळसाठी टिकेट, म्हणजे कामाच्या यादीतील नोंद.

प्रत्येक अलर्टला तीन कसोट्या लावाव्यात. वापरकर्त्याला त्रास होत आहे किंवा लवकरच होणार आहे का? माणसाने काही करण्यासारखे आहे का? आणि ते आत्ताच करायला हवे का? तिन्हींचे उत्तर होय असेल तरच फोन वाजावा. करण्यासारखे आहे पण सकाळी चालेल, त्याचे टिकेट करावे. माणसाने करण्यासारखे काहीच नसेल, तर तो अलर्ट काढून टाकावा. ‘असू द्या, माहितीसाठी ईमेल येत राहील’ ही तडजोड सर्वांत घातक आहे, कारण ती धड इशारा नसते आणि धड शांतताही नसते.

या तडजोडीची किंमत नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने 1 ऑगस्ट 2012 रोजी मोजली. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातांवरच चढला. आठव्यावर जुना, वापरातून गेलेला कोड तसाच राहिला आणि बाजार उघडताच जागा झाला. सुमारे 45 मिनिटांत कंपनीचे 46 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. अमेरिकेच्या रोखे नियामकाने पुढच्या वर्षी काढलेल्या आदेशात एक नोंद आहे: सकाळी आठच्या सुमारास कंपनीच्या अंतर्गत प्रणालीने चुकीविषयी ईमेल पाठवायला सुरुवात केली, आणि साडेनऊला बाजार उघडेपर्यंत असे 97 ईमेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाला गेले होते. ते इशारा म्हणून रचलेलेच नव्हते, आणि आल्याबरोबर ते वाचण्याची पद्धतही नव्हती.

अलर्टच्या मजकुरावरही मेहनत घ्यावी. ‘सीपीयू हाय, नोड 7’ हे वाचून झोपेतल्या माणसाला काहीही कळत नाही. त्याऐवजी ‘गेल्या 10 मिनिटांपासून दर 100 पैकी 12 पेमेंट अयशस्वी होत आहेत, आज रात्री 11 वाजता नवा रिलीज गेला आहे, पहिली पायरी: रोलबॅक (मागील आवृत्तीवर परत जाणे), रनबुक क्रमांक 4’ असे लिहिले, तर अर्धे काम तिथेच होते. हे वाक्य तयार करायला दिवसा वीस मिनिटे लागतात, म्हणून ते कोणी लिहीत नाही.

दर आठवड्याच्या हँडओव्हरला मागील सात दिवसांत वाजलेल्या प्रत्येक फोनचे काय करायचे ते ठरवावे: मूळ दोष दुरुस्त करायचा, अलर्टची मर्यादा बदलायची, की अलर्टच काढायचा. ‘पुढच्या वेळी बघू’ हा चौथा पर्याय ठेवू नये.

रात्री काय करावे आणि काय करू नये

रात्रीचे उद्दिष्ट सेवा पूर्ववत करणे हे असते; कारण शोधणे हे सकाळचे काम आहे. चांगले अभियंते नेमके इथेच घसरतात, कारण त्यांना कोडे सोडवण्यात रस असतो. नुकताच रिलीज गेला असेल तर आधी रोलबॅक करावा आणि मग लॉग जपून ठेवावेत. अर्ध्या तासात दिशा सापडली नाही तर सेकंडरीला उठवावे, आणि असे उठवल्याबद्दल कोणालाही कधी ऐकून घ्यावे लागणार नाही, हे टीम लीडने पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगावे. हे सांगितले नाही, तर नवखा माणूस संकोचापोटी तीन तास एकटाच झगडत बसतो.

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅबमध्ये जे घडले ते प्रत्येक ऑन-कॉल टीमने एकदा समजून घ्यावे. दिवसभर डेटाबेसवर ताण होता. एक अभियंता उशीर झाला म्हणून काम थांबवणारच होता, तेवढ्यात मुख्य सर्व्हरवरून दुय्यम सर्व्हरवर होणारी डेटाची नक्कल अडकली, म्हणून तो कामावरच राहिला. दुय्यम सर्व्हरवरील डेटाची डिरेक्टरी पुसून नक्कल नव्याने सुरू करायची होती. पुसण्याची आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली गेली. चूक एक-दोन सेकंदांत ध्यानात आली, पण तोवर सुमारे 300 जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेल्यावर कळले, की नेहमीचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्तीतील तफावतीमुळे होतच नव्हता, आणि तो अयशस्वी झाल्याचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सुदैवाने त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्या एका कामासाठी घेतलेली प्रत शिल्लक होती, म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या डेटापुरते राहिले. कंपनीने ही सगळी दुरुस्ती खुल्या नोंदींतून आणि थेट प्रक्षेपणातून लोकांसमोर केली. त्या नोंदींत एक ओळ अशी आहे, की आपण आज आणखी काही सुडोने (सर्वाधिकार वापरून) न चालवणे बरे, असे म्हणून त्या अभियंत्याने पुढचे काम सहकाऱ्याकडे सोपवले.

मला ही ओळ सगळ्या तांत्रिक धड्यांपेक्षा मोलाची वाटते. दमलेल्या माणसाने स्वतःहून हात बाजूला घ्यावा आणि त्याला तसे करता यावे, यासाठी शेजारी दुसरा माणूस असावा लागतो, आणि तो असण्याची तजवीज वेळापत्रक लावणाऱ्यानेच करायची असते.

बाकीची खबरदारी सोपी आहे. मुख्य सर्व्हरच्या टर्मिनलचा (आज्ञा टाकण्याच्या खिडकीचा) रंग वेगळा ठेवावा. डेटा पुसणारी कोणतीही आज्ञा रात्री एकट्याने देऊ नये. फोनवर दुसऱ्याला वाचून दाखवावी, त्यात सर्व्हरचे नाव मोठ्याने उच्चारावे आणि मगच एंटर दाबावे. हे पोरकट वाटते, तरी करावे. बॅकअप होतो आहे का याऐवजी बॅकअपमधून डेटा परत उभा राहतो का, हे दर महिन्याला करून पाहावे.

रनबुक लिहिताना तो वाचणारा माणूस अर्धवट झोपेत आहे असे गृहीत धरावे. ‘सेवा रीस्टार्ट करा’ हे वाक्य पुरेसे नाही; कोणत्या सर्व्हरवर, कोणती पूर्ण आज्ञा, ती यशस्वी झाल्यावर पडद्यावर काय दिसेल, आणि नाही झाली तर कोणाला उठवायचे, हे सगळे लिहावे. लिहिणाऱ्याने स्वतः तो तपासण्यात अर्थ नसतो, कारण त्याला गाळलेल्या पायऱ्याही ठाऊक असतात. टीममधील सर्वांत नव्या माणसाकडून दिवसाउजेडी चाचणीच्या सर्व्हरवर तो चालवून घ्यावा, आणि तो जिथे अडेल तिथे त्याच्याकडूनच दुरुस्ती करून घ्यावी.

नवख्याला थेट प्रायमरी (पहिला फोन घेणारा) करू नये. आधी एक-दोन पाळ्या त्याने अनुभवी माणसासोबत केवळ पाहाव्यात, मग त्याने हाताळावे आणि अनुभवी माणसाने मागे थांबावे. जुना इन्सिडेंट नाटकासारखा पुन्हा उभा करून तासभर सराव केला तर भीती बरीच ओसरते.

दुसऱ्या दिवशी

मध्यरात्रीनंतर फोन आला असेल, तर त्या माणसाची सकाळ त्याची स्वतःची असावी, आणि ती त्याला मागावी लागू नये. त्याच्या नावावरच्या सकाळच्या मीटिंग टीम लीडने रद्द कराव्यात. ऑन-कॉलच्या आठवड्यात त्याला स्प्रिंटचे (ठरावीक मुदतीत आखलेले नेहमीचे) काम देऊ नये; त्या आठवड्यात फोन आले नाहीत, तर मागच्या फोनांमागचे दोष दुरुस्त करावेत. इथेच दिवसाच्या कामातून परतफेड होते, आणि काटछाटही सर्वांत आधी इथेच सुरू होते. ‘या आठवड्यात काही घडले नाही ना, मग ही दोन टिकेटे घे’ असे सुचवले जाईल. ते नाकारणे हे टीम लीडचे काम आहे.

मोठ्या इन्सिडेंटनंतर पोस्टमॉर्टेम, म्हणजे काय आणि का घडले याचा अहवाल, लिहावे. त्यात ‘अमुकने चुकीची आज्ञा दिली’ असे वाक्य आले की पुढचे सगळे विचार तिथेच थांबतात. ‘दोन्ही सर्व्हरचे टर्मिनल हुबेहूब सारखे दिसत होते आणि पुसण्याआधी प्रणालीने नाव विचारले नाही’ असे लिहिले, की काय बदलायचे ते आपोआप दिसते. ॲमेझॉनच्या एस3 या साठवण-सेवेत 28 फेब्रुवारी 2017 रोजी एका आज्ञेतील एक तपशील चुकीचा टाकला गेल्याने ठरवल्यापेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर काढले गेले आणि त्या सेवेवर अवलंबून असलेल्या असंख्य वेबसाइट काही तास ठप्प झाल्या. कंपनीने जाहीर केलेल्या उपायांत ते साधनच बदलणे होते: सर्व्हर हळूहळू काढले जातील, आणि किमान मर्यादेच्या खाली ते जाऊच देणार नाही. पोस्टमॉर्टेममधील प्रत्येक उपायापुढे एका माणसाचे नाव आणि तारीख असावी. ‘टीमने लक्ष ठेवावे’ हा उपाय नव्हे.

हिशोब ठेवावा

दर महिन्याला एक पानी तक्ता काढावा: प्रत्येक माणसाला किती फोन आले, त्यातील किती झोपेच्या वेळेत, किती तास काम झाले आणि किती फोनांत काहीच करावे लागले नाही. शेवटचा आकडा सर्वांत बोलका असतो. शंभरातील साठ फोन निष्फळ ठरत असतील, तर माणसे वाढवण्याची मागणी करण्याआधी अलर्टची साफसफाई करावी. निष्फळ फोन नगण्य असूनही एकूण फोन वाढत असतील, तर प्रणालीत खरोखर बिघाड आहे, आणि नवी फीचर काही काळ थांबवावी, असे सांगण्यासाठी हाच तक्ता वरिष्ठांपुढे ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून झाली आहे, आणि तिची व्याख्या यशस्वीपणे न हाताळलेल्या दीर्घकालीन कामाच्या ताणातून येणारी अवस्था अशी आहे. ‘त्याला ताण झेपत नाही’ असे म्हणण्याआधी तक्त्यातील त्याची रांग पाहावी.

हा तक्ता नोकरभरतीतही उपयोगी पडतो. अनुभवी उमेदवार मुलाखतीत आता सरळ विचारतात: पाळीत किती जण आहेत, गेल्या महिन्यात रात्री किती फोन आले, किती मिनिटांत प्रतिसाद द्यावा लागतो, मोबदला कसा मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय होते? नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाने हे पाच प्रश्न विचारावेत. समोरच्याला दुसऱ्या प्रश्नाचा आकडा सांगता आला नाही, तर तिथे मोजणीच होत नाही असे समजावे. ‘फारसे काही येत नाही हो’ हे उत्तर धरू नये.

तक्त्याचा आणखी एक उपयोग फारच कमी टीम करतात. सलग तीन महिने एखाद्या सेवेसाठी मध्यरात्र ते सकाळ या वेळेत माणसाने काही करावे असा एकही फोन आला नाही, तर त्या सेवेची रात्रपाळी बंद करण्याचा प्रस्ताव टीम लीडने स्वतःहून मांडावा. आधी एका महिन्यासाठी तिचे रात्रीचे सर्व अलर्ट सकाळी आठच्या टिकेटांत वळवावेत, महिनाअखेरीस ती टिकेटे उघडून कोणाचे काय अडले ते पाहावे, आणि काहीच अडले नसेल तर वेळापत्रकातून तो रकाना काढून टाकावा.